ब्रेक फेलच्या आधी रेस अडकली होती का, ते बघा

संपादक महोदय,

कसारा घाटात ट्रक कुठं घुसला की दुसऱ्या दिवशी पेपरात ठरलेली ओळ असते, ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला. असेलही तसं, पण आमच्या आडगाव ट्रक टर्मिनसवरच्या कुठल्याही जुन्या मिस्त्रीला विचारा, कधीकधी ब्रेक नंतर जातो, आधी रेस, म्हणजे ॲक्सिलरेटर, अडकलेली असते, पाय काढला तरी इंजिनाचा जोर उतरत नाही. इंजिन पुढं ओढतंय, ड्रायव्हर घाबरून ब्रेकचं पेडल परत परत हाणतोय, मग ब्रेकचे लायनर तापतात, ब्रेक ज्या हवेवर चालतो ती टाकीतली हवा उतरते आणि पंचनाम्यात ब्रेक फेल.

मेकॅनिकल डिझेल पंपाच्या, म्हणजे पेडलपासून पंपापर्यंत केबल असलेल्या जुन्या गाड्या अजून लासलगाव-पिंपळगावचा कांदा ओढतायत, त्यांच्यात रेस अडकली की गॅरेजवाला काय करतो, तर दुसरी स्प्रिंग लावतो, नाहीतर जुन्या ट्यूबची पट्टी ताणून बांधतो. पेडल वर येतं, मालक खूश, पण कुठं अडकतंय ते कोणी बघितलंच नाही ना!

बघायला फार वेळ पण लागत नाही. इंजिन बंद करा, आधी पायाखाली बघा, मॅट सरकलेली असते, पेडलच्या बुडाशी कांद्याचा पाला नि माती बसून दगडासारखं झालेलं असतं. मग पंपाच्या लिव्हरवरून केबल काढा आणि लिव्हर हातानं फिरवून सोडा. टक्कन मागं आला तर पंपाचा लिव्हर नि स्प्रिंग ठीक, खोट केबलमध्ये किंवा पेडलमध्ये. केबलची एखादी तार आत तुटून अडकते, पावसाळ्यात खालच्या वळणात चिखलाचं पाणी शिरून गंजते, किंवा गरम सायलेन्सर पाइपाजवळून गेलेली असेल तर आतलं प्लास्टिक मऊ पडतं, अशी गाडी सकाळी थंडीत एकदम चांगली चालते आणि तापली की त्रास देते. त्यात ऑइल ओतू नका, धूळ धरून अजून घट्ट होतं, सरळ नवी केबल टाका. लिव्हरच सुस्त असेल किंवा लिव्हर मागं येऊनही रेस उतरत नसेल तर पंपाच्या आत रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) नाहीतर गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) धरतोय, डिझेलमध्ये पाणी आलं की आत गंज चढतो, ते काम पंपवाल्याकडंच, सील तोडून स्वतः उघडू नये.

अजून एक, जे लवकर सापडत नाही. उभ्या गाडीत सगळं बरोबर आणि लोड घेऊन चढावर रेस धरते, तर इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते फाउंडेशन रबर बघा, ते बसले की जोर लागल्यावर इंजिन एका बाजूला कलतं आणि केबल आपोआप ओढली जाते. आणि कॅबिन उचलून तपासलं असेल तर खाली बसवून परत एकदा तपासा, केबलचं वळण बदलतं.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सहा गाड्यांना हा केबलचा त्रास नाही, पेडलला सेन्सर असतो, दोन सिग्नल जुळले नाहीत की दिवा लागतो नि गाडी रांगायला लागते. तिथं स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नका, स्कॅनर लावा.

चालत्या गाडीत रेस अडकली तर क्लच दाबून न्यूट्रल, ब्रेक एकदाच घट्ट, पंपिंग नाही, गाडी बाजूला आणि मगच इंजिन बंद, कारण इंजिन बंद झालं की पॉवर स्टिअरिंग जड होतं. उतारावर न्यूट्रल कधीच टाकू नये हे खरं, पण इंजिनच ढकलत असेल तर दुसरा इलाज नाही. स्टॉप वायर, म्हणजे इंजिन बंद करायची तार, ओढूनही इंजिन थांबत नसेल नि निळा-पांढरा धूर ओकत असेल तर ते टर्बोमधून येणारं इंजिन ऑइल जाळतंय, तिथं हवेचा रस्ताच बंद करावा लागतो, पण फळीनं, हातानं नाही.

आठ वर्षांवरच्या गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो, २०२७ च्या सिंहस्थाला तर नाशकात वाहनांची रीघ लागणार. फिटनेस तपासणाऱ्यांनो, हॉर्न, रिफ्लेक्टर बघता तसं पेडल सोडल्यावर रेस लगेच उतरते का ते बघा, आणि जुन्या गाडीची स्टॉप वायर ओढून दाखवायला सांगा. बऱ्याच जुन्या गाड्यांना चावी फिरवून इंजिन बंद होतच नाही, ती वायर तुटलेली असते आणि ड्रायव्हर गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडून गचका देऊन इंजिन बंद करतो.

एक ट्रकमालक,
आडगाव, नाशिक