व्हिटनी मळ्यावर जाण्याआधी

ती. आई-बाबांना,
सा. न.

व्हिटनी म्हणजे अमेरिकेत लुइझियानातला जुना उसाचा मळा, आता तिथे गुलामगिरीवरचं संग्रहालय आहे. तो न्यू ऑर्लिन्सपासून गाडीनं साधारण तासभर, मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठावर आहे. सार्वजनिक बसनं जाता येत नाही, आणि मंगळवारी बंद असतो. ऑक्टोबरअखेर या म्हणतेय ते काही फक्त उन्हामुळे नाही. तेव्हा तिथला गळीत हंगाम भरात असतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आजही ऊसच आहे, तो तोडताना दिसेल.

बाबा, हा हंगाम समजला की अर्धा मळा समजला. आपला ऊस वर्ष-दीड वर्ष रानात उभा राहतो. तिथे जेमतेम नऊ महिने मिळतात, मग पाणी गोठवणारी थंडी पडते. गोठून पुन्हा वितळलेल्या उसाचा रस काही दिवसांत आंबतो, त्याची साखर धरत नाही. म्हणून थंडीच्या आत सगळं गाळायचं, रात्रंदिवस, पाळ्या लावून. कडाका लवकर येतोय असं वाटलं की ऊस तोडून सरीतच आडवा घालायचे आणि पाल्यानं झाकायचे. ही सगळी राबणूक गुलामांची होती.

आवारात लोखंडी काहिली मांडलेल्या आहेत, तिथे सावकाश थांबा. आपल्या गुऱ्हाळात चुलवाणावर एकच मोठी काहिल असते. तिथे एका रांगेत चार-पाच असत, मोठीपासून लहानपर्यंत. जाळ सगळ्यात लहान काहिलीखाली, आणि त्याची धग बोगद्यातून मोठीकडे जायची. रस उलट दिशेनं, मोठीतून लहानीत, लांब दांड्याच्या पळ्यांनी उपसत न्यायचा. आपण भेंडीचं पाणी घालून मळी काढतो, ते चुना घालत. शेवटच्या काहिलीतला पाक क्षणभर आधी उतरवला तर दाणा धरत नाही, उशीर झाला तर करपतो. गुळव्याची नजर लागते तशीच ती नजर, पण ती ज्याच्याकडे होती तोही बऱ्याचदा गुलामच. त्यात रात्रपाळीची झोप डोळ्यांवर, पळीत उकळता पाक. भाजणं नेहमीचंच. घट्ट पाक थंड करून भोकं पाडलेल्या पिंपांत भरायचा आणि काकवी गळून जाईपर्यंत कित्येक दिवस ठेवायचा.

ही रांग मोडीत काढली ती न्यू ऑर्लिन्सच्याच नॉर्बर्ट रिलियोनं. जन्म १८०६, आई कृष्णवर्णीय, बाप गोरा. एका भांड्याच्या वाफेवर पुढच्या, कमी दाबाच्या भांड्यातला रस उकळायचा, ही त्याची युक्ती. पेटंट १८४३ चं. कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांतले रस आटवणारे इव्हॅपोरेटर आजही याच तत्त्वावर चालतात.

आई, गुडघ्यांचं. वाट सपाट आहे, पण जवळजवळ सगळं उघड्यावर, दीड-दोन तास चालणं. मोठ्या घराचा वरचा मजला सोड, खालूनही त्याची बांधणी कळते: पुराच्या भीतीनं खाली विटांचा मजला, राहणं वर, आणि आगीच्या भीतीनं स्वयंपाकघर वेगळं. चप्पल नको, बंद बूट घाल. गवतात भुसभुशीत मातीचे ढिगारे दिसतील ती लाल मुंग्यांची वारुळं. पाय पडला की शेकड्यांनी चढतात आणि चाव्यांवर पुळ्या येतात. आधी सनस्क्रीन, ते सुकलं की वरून डासांचं औषध. पाणी दोघांना मिळून दोन लिटर. आत जेवणाची सोय धरू नका, डबा न्या.

सुरुवात चर्चपासून करा. ते नदीपलीकडच्या पॉलिना गावातून आणलेलं आहे, गुलामीतून सुटलेल्यांनी बांधलेलं. आत मुलांचे पुतळे आहेत. मुलांचेच का, तर १९३० च्या दशकात सरकारनं जुन्या गुलामांच्या मुलाखती घेतल्या तेव्हा हयात होते ते म्हातारे, गुलामी संपली तेव्हा लहान होते. लोखंडी कोठडी बघून फसू नका, ती यादवी युद्धानंतरची, म्हणजे गुलामी संपल्यावरची आहे आणि बाहेरून आणलेली. गुलामांच्या राहत्या झोपड्याही बऱ्याचशा दुसऱ्या मळ्यांवरच्या. मूळच्या १९७० च्या दशकात पाडल्या.

दगडी भिंतींवर नावं आहेत. एकीवर याच मळ्यावरची साडेतीनशेहून जास्त, तर पुढच्या भिंतींवर साऱ्या लुइझियानातली १,०७,०००. बहुतेक नुसती नावं, आडनावाशिवाय. त्यापुढे तिसऱ्या वाढदिवसाआधी गेलेल्या २,२०० बाळांची जागा आहे. आई, तिथे तुला बसावंसं वाटेल, घाई करू नकोस.

निघताना रस्ता ओलांडून बांधावर चढा, नाहीतर इतक्या जवळ असून नदी दिसतच नाही. बाबा, तिथून मागे वळून बघा: नदीच्या गाळानं काठच उंच झालाय आणि जमीन मागे दलदलीकडे उतरत जाते. प्रत्येकाला नदीकाठ मिळावा म्हणून जमिनीचे तुकडे अरुंद आणि लांबलचक पाडलेले.

वेळ उरला तर ओक अ‍ॅली हा दुसरा जुना मळा जवळच आहे. ओकच्या दुहेरी रांगेचे फोटो सगळेच काढतात, माझ्या मते मात्र तिथला लक्षात ठेवण्यासारखा माणूस म्हणजे अँटवान, मळ्यावरचा गुलाम माळी. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्यानं पेकनची, म्हणजे अक्रोडासारख्या फळाच्या झाडाची, १६ कलमं यशस्वी केली. त्या जातीला पुढे १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात बक्षीस मिळालं. येताना पेकन घ्याल तर पातळ सालीचेच घ्या, ते हातानंच फुटतात.

तुमची,
लेक