येळवशीला पहाटे पाचला निघू नका

छत्रपती संभाजीनगर,
मार्गशीर्ष वद्य अष्टमी

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. न.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही दोनदा "बरं, बरं" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. म्हणून लिहायलेय. येळवस, आपली वेळ अमावस्या, आठवड्यावर आली. आई म्हणाली की यंदाही पहाटे पाचला निघायचं ठरलंय, शेतावर लवकर पोचून पांडवांच्या पूजेची कडब्याची कोप नीट करायची आहे म्हणे.

बाबा, तीस वर्षं एसटीचं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला मी गाडीचं काय सांगणार? "मला शिकवायलीस का?" हे मला इथंवर ऐकू येतंय. शिकवत नाही. एकच मागणं आहे: साडेआठच्या आत गाडी काढू नका. बाकी पत्र त्याच्यासाठीच आहे.

गेल्या महिन्यात मी इकडून आले तेव्हाची गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. रात्री अडीचला निघाले होते, तुमचीच लेक. केज मागं पडलं, अंबाजोगाई यायची होती, सहा-सव्वासहा झाले असतील. रस्ता मोकळा, धुकं फक्त एका ओढ्याच्या खोलगटीत बसलेलं. मी साठवर होते. लाईटच्या उजेडात रस्त्यावर उसाची दोन-तीन कांडकी आणि पाचट पडलेलं दिसलं. पुढं ट्रॉली असणार एवढं डोक्यात आलं, पाय ब्रेकवर गेला, आणि लगेच समोर उसाची भिंत. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या. मागं लाल दिवा नाही, आणि रेडियमची पट्टी लोंबत्या उसाखाली झाकलेली. थांबले तेव्हा उसाची टोकं बॉनेटपासून हातभर लांब होती. पुढं पेट्रोल पंपावर गाडी लावून अर्धा तास नुसती बसले.

तुमचाच हिशेब नंतर करून बघितला. साठला गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते. ब्रेक मारायचं सुचेपर्यंत एक सेकंद, मग थांबायला वीसेक मीटर, रस्ता दवानं ओला असेल तर आणखी. म्हणजे चाळीस मीटरच्या आत काही गाडी थांबत नाही, आणि त्या ओढ्यात मला पंचवीस मीटरही दिसत नव्हतं. "दिसतंय तेवढ्यात गाडी थांबली पाहिजे" हे वाक्य तुम्ही मला लुनावर शिकवलं होतं. मी कारमध्ये विसरले. पाचट पडलं नसतं तर हे पत्र नसतं.

आता कारखाने जोरात आहेत. औशाच्या पुढं तुम्हाला पहाटे ट्रॉल्या लागणार, बैलगाड्या लागणार, आणि एकच दिवा चालू असलेला ट्रॅक्टर लांबून मोटारसायकल वाटणार. ड्रायव्हर, तोडवाले रात्रभर जागे असतात, त्यांच्यावर तरी किती चिडणार.

तुम्ही म्हणाल, रातराणी घेऊन मी बार्शीवरून पुण्याला जायचो तेव्हा काय धुकं नव्हतं? होतं. पण बाबा, तेव्हा तुम्ही बसच्या उंच सीटवर होता, ट्रॉलीच्या पलीकडचं दिसायचं. आता बसता ते जमिनीपासून दीड-दोन फुटांवर, आणि धुकं सगळ्यात दाट तिथंच असतं. लाल डब्याच्या फटींतून वारा शिरायचा, त्यामुळं काच आतून धूसर होत नसे. तुमची गाडी चारी बाजूंनी बंद, आत दोन माणसांचा श्वास आणि येळवशीच्या भाजीचा, भज्जीचा, गरम डबा. गेल्या वर्षी तुम्ही एका हातानं मफलरनं काच पुसत निलंग्यापर्यंत गेलात, हे आईनंच सांगितलंय. हवा काचेकडं सोडा, आतली हवा फिरवणारं बटण बंद ठेवा म्हणजे बाहेरची हवा येते, आणि एसी चालू ठेवा. थंडीत एसी कशाला, असं म्हणू नका. तो हवेतली ओल काढतो. गार वाटलं तर नॉब गरमकडं फिरवा.

आणि सगळ्यात मोठं म्हणजे, पहाटे चारला निघायची वेळ टाइमटेबलची होती. तुमची नव्हती. आता कुणाची हजेरी लावायची आहे?

पाचला निघाल्यावर धुकं चुकेल असं तुम्हाला वाटतं, पण उलट होतं. आभाळ मोकळं आणि वारा पडलेला असला की रात्रभर जमीन गार पडत जाते, आणि उसाला, ज्वारीला पाणी दिलेल्या रानातली ओल तिथंच थेंब होऊन तरंगते. सूर्य उगवला की ती लगेच विरत नाही. हवा जराशी हलते आणि खालचं धुकं वर चढून थोडा वेळ आणखी दाट होतं. उगवती सध्या पावणेसातच्या सुमाराला. म्हणजे धुक्यात हळू जाताना तुम्ही नेमके त्याच वेळी वाटेत. त्यात औशाहून निलंग्याकडं वळलं की तोंड पूर्वेला, सूर्य सरळ डोळ्यात. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा तुम्ही "संक्रांतीनंतर बघू" म्हणून दोन संक्रांती ढकलला. समोरच्या पांढऱ्या लाईटभोवती कडी दिसतात हे तुम्ही मागं बोलून गेलात, मी विसरले नाही.

तरीही वाटेत धुकं लागलंच तर अप्पर मारू नका, उजेड उलटा आपल्याच डोळ्यावर येतो. डिप्पर ठेवा आणि डावीकडची पांढरी पट्टी धरा. चालत्या गाडीत चारी इंडिकेटर लावायची आता सगळ्यांना सवय लागलीय. त्यानं तुम्ही वळणार की थांबलात हे मागच्याला कळत नाही. थांबायचं तर रस्त्याच्या कडेला नको, थेट पंपावर किंवा ढाब्याच्या अंगणात. टायरची हवा आदल्या दिवशी सकाळी, गाडी फिरवायच्या आधी बघा, थंडीत ती उतरते. आकडा दाराच्या आतल्या स्टिकरवर आहे, हवावाल्याच्या अंदाजावर सोडू नका. कानटोपी गाडीत काढा, हॉर्न ऐकू येत नाही. खोकल्याचं औषध रात्रीच घ्या, त्यानं झोप येते.

आई, हे तुझ्यासाठी. आंबिलीचं मडकं मांडीवर घेऊन बसतेस आणि बेल्ट लावत नाहीस. मडकं पायापाशी, दोन्ही बाजूंनी चुंबळ लावून ठेव. बेल्ट शालीच्या आत, अंगाला लागून घे. शालीवरून घेतला तर झटका बसल्यावर तो सरकतो. आणि तू शेजारी बसलीस म्हणजे कंडक्टर तूच. एक घंटी म्हणजे थांबा, हे त्यांना अजून पाठ आहे. डोळे चोळताना दिसले की सरळ "थांबवा" म्हण. काही झालंच तर ११२ आणि १०८, दोन्ही तुझ्या फोनमध्ये मी दिवाळीत घालून ठेवलेत.

मी आदल्या दिवशी दुपारीच निघते, अंबाजोगाईला मैत्रिणीकडं राहते आणि उन्हं वर आल्यावर निघून थेट शेतावर येते. तुम्ही दहाला पोचलात तरी पूजा वेळेत होते. कोपीतले पांडव काही उठून जायले नाहीत.

तुमची,
थोरली

ता. क. आई, भज्जीत चिंच जरा जास्त घाल. गेल्या वर्षी सपक झाली होती, तेव्हा कुणी बोललं नाही.