दूरस्थ सल्ल्याचे धडे आंतरवासितेतच हवेत

महोदय,

डॉक्टरांचा सल्ला दूरवरून, व्हिडिओद्वारे मिळवून देणारी केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा २०१९ मध्ये आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी सुरू झाली आणि एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, तिची ओपीडी थेट घरापर्यंत पोहोचली. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने रुग्णाचा रक्तदाब व साखर मोजून त्याला दूरच्या डॉक्टरशी जोडून द्यावे, ही रचना मला योग्य वाटते. कारण मेळघाट किंवा धडगावच्या माणसाला तज्ज्ञाकडे जायचे म्हणजे दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. मात्र पडद्यापलीकडच्या डॉक्टरला रुग्णाचे पोट दाबून पाहता येत नाही. त्यामुळे नेमके प्रश्न विचारणे, समोरच्या कर्मचाऱ्याकडून तपासणी करून घेणे आणि हा रुग्ण तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवायला हवा, हे वेळीच ओळखणे ही वेगळी कौशल्ये ठरतात. दूरस्थ सल्ल्यावर कोणती औषधे लिहू नयेत, हेही केंद्र सरकारच्या २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (दूरस्थ वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक तत्त्वांनी ठरवून दिले आहे. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना हे सारे आंतरवासितेत (इंटर्नशिपमध्ये), ग्रामीण केंद्रावर, ज्येष्ठ डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष करायला मिळाले पाहिजे. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनाही त्याच प्रशिक्षणात सोबत बसवावे, प्रत्यक्ष तपासणारे हात त्यांचेच असतात. उपकेंद्रातील वीज व नेटवर्कची सोय त्याआधी व्हावी, हे वेगळे सांगायला नको.

– एक वाचक, अमरावती