भाडं मोजण्याआधी खालच्या घराचं छत बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत घर घेऊन भाड्यानं देण्यावर लेख आला होता. माझ्या भाच्यानं तो कापून, घडी घालून पाकिटात ठेवला आणि संध्याकाळी माझ्यापुढं उलगडला. म्हणाला, ‘‘मामा, हे बघ. भाड्यातून हप्ता परस्पर निघतो, वीस वर्षांनी घर आपलं. करायचं काहीच नाही.’’ लेखाखाली एक चौकट होती : महिन्याचं भाडं गुणिले बारा, भागिले घराची किंमत, झाला परतावा. चौकट तिथंच संपली होती.

मी प्लंबर आहे. 27 वर्षं लोकांच्या बेसिनखाली डोकं घालतोय, आणि त्यातली निम्मी घरं तरी भाड्याची असतील. गेली 14 वर्षं मी स्वतःही घरमालक आहे, आधी एका घराचा आणि आता दोन घरांचा. त्यामुळं त्या चौकटीबद्दल चार शब्द लिहितोय. लांबलं तर खुशाल कात्री चालवा.

भाच्याला मी वही दिली आणि म्हटलं, रकमा सोड, घराची किंमत 100 धर. वर्षाचं भाडं 6 धरू, कारण चौकटीतलं उदाहरण साधारण तेवढंच होतं. तुझ्याकडचे 20 आणि कर्ज 80. व्याज 9 टक्के, मुदत 20 वर्षं. आता हप्ता काढ. त्यानं मोबाइलवर काढला. महिन्याला 0.72, म्हणजे वर्षाला 8.64. भाडं 6 आणि हप्ता 8.64. तो जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, थोडे पदरचे घालावे लागतील.

मी म्हटलं, थांब, भाड्याचे 6 अजून तुझ्या हातात कुठं आलेत? वर्षात एक महिना घर रिकामं राहील, म्हणजे 6 मधला 0.5 गेला. दुरुस्तीला बरेच जाणकार वर्षाला घराच्या किमतीचा 1 टक्का धरतात. मी जुन्या घराला त्याहून जास्त धरतो, पण तुझ्यासाठी 1 धरू. मालमत्ता कर, इमारतीचा मेंटेनन्स आणि विमा मिळून 0.7 धरला. उरले 3.8. चौकटीतले 6 टक्के इथं येऊन 3.8 होतात, आणि हप्ता भरायला दरवर्षी खिशातून 4.84 काढायचे. भाड्यावरचा आयकर आणि घर नावावर करतानाचा खर्च यात नाहीच.

आणखी एक गोष्ट त्याला पटेना, म्हणून त्यानं आकडे दोनदा घालून बघितले. अशा कर्जाच्या पहिल्या हप्त्यातले 83 टक्के निव्वळ व्याजात जातात. दहा वर्षं हप्ते भरले, अर्धी मुदत संपली, तरी कर्जाचे 71 टक्के डोक्यावर असतातच. ‘निम्मी वर्षं झाली म्हणजे निम्मं घर आपलं’ असं समजणारे मला दर महिन्याला भेटतात.

मग घर घ्यायचंच नाही का, असं तो वैतागून म्हणाला. घ्यायचं की. पण कर्जाचा आकडा भाड्यावरून ठरव, बँक किती देते त्यावरून नको. याच हिशोबात कर्ज 80 ऐवजी 35 असेल तर वर्षाचा हप्ता 3.78 बसतो. तेव्हा कुठं ते घर स्वतःचा हप्ता स्वतः भरतं. 35 आणि 80 च्या मध्ये जिथं थांबशील, तिथून पुढचा खड्डा तुझ्या पगारातून भरायचा. तो किती वर्षं झेपेल ते तूच बघ.

त्यानं व्हिडिओत एक ठोकताळाही ऐकला होता : महिन्याचं भाडं किमतीच्या 1 टक्का तरी हवं. हा ठोकताळा अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांत चालतो, आणि तिथल्याही महागड्या शहरांत तो बसत नाही. आमच्या वहीतलं घर महिन्याला अर्धा टक्का देत होतं. ठोकताळ्याचा उपयोग एवढाच, की घर किती उणं पडतंय ते चटकन दिसतं.

‘किंमत तर वाढणारच’ हे वाक्य दलालाच्या तोंडून येतं, पण नातेवाईकांच्या तोंडून जास्त येतं. अमेरिकेत 2006 नंतर घरांच्या किमती काही वर्षं घसरत राहिल्या. जपानमध्ये 1991 च्या सुमारास जमिनीचे भाव उतरायला लागले ते वर्षानुवर्षं उतरतच गेले. किंमत वाढली तर आनंदच आहे, पण दर महिन्याच्या पाच तारखेला बँक हप्ता मागते तेव्हा वाढलेल्या किमतीतली एक वीट काढून देता येत नाही.

असो. आकडे कुणीही सांगेल. मला खरं लिहायचंय ते वेगळं, आणि त्यात माझीच फजिती आहे.

पहिलं घर घेतलं तेव्हा मी या धंद्यात 13 वर्षं मुरलेला होतो. तिसऱ्या मजल्यावरचं घर, नुकताच रंग दिलेला. बायको म्हणाली सुद्धा, ‘‘राहत कुणी नाही, मग आत्ताच रंग का दिला असेल हो?’’ मी म्हटलं, विकायचंय म्हणून. सगळे नळ सोडून दाब बघितला, फ्लश ओढून बघितला, अँगल कॉक फिरवून बघितले. प्लंबरनं बघायचं ते बघितलं, असं मला वाटलं. गिऱ्हाईकाकडं गळतीच्या कामाला गेलो की मी आधी खालच्या मजल्यावर जातो आणि छत बघतो, कारण पाणी वर लपतं आणि खाली दिसतं. स्वतःच्या घराच्या वेळी मी जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावरच्या दाराशेजारून गेलो आणि घंटा वाजवली नाही. घर मिळाल्याची घाई, दुसरं काय.

भाडेकरू राहायला आले आणि दोन महिन्यांनी खालच्या काकूंचा फोन आला. गेलो. त्यांच्या बाथरूमच्या छतावर परातीएवढा डाग होता, कडेला तपकिरी, मध्ये रंगाचे पापुद्रे लोंबत होते आणि त्यांच्या आजूबाजूला पांढरा क्षार फुलला होता. खाली स्टीलची बादली. काकू म्हणाल्या, ‘‘अकरा आकडे मोजले की एक थेंब पडतो. आधीच्या मालकांना चार वर्षं सांगत होते.’’ मी तिथं उभा राहून मोजलं. अकरालाच पडला.

वर फरशी फोडली, खालचा कोबा काढला. न्हाणी ट्रॅपच्या, म्हणजे बाथरूमचं पाणी वाहून जातं त्या जाळीखालच्या भांड्याच्या, गळ्याशी सिमेंट पूर्ण सुटलेलं होतं. दुसऱ्याच्या घरी असं दिसलं की मी मालकाला फोटो काढून दाखवतो. इथं मालक मीच होतो. पाईप बदलणं, वॉटरप्रूफिंग, ते वाळू देणं, पाणी तुंबवून तपासणं, पुन्हा फरशी, यात 12 दिवस गेले. घरात बाथरूम एकच. भाडेकरू आधी नातेवाइकांकडं गेले आणि तिथूनच त्यांनी दुसरं घर शोधलं. त्यांचं काय चुकलं? त्यानंतर चार महिने घर रिकामं होतं. माझी मजुरी धरली नाही तरी साहित्य आणि फरशीवाला यात दीड महिन्याचं भाडं गेलं. बारा महिन्यांतले साडेपाच असे संपले, आणि तेही माझ्या स्वतःच्या धंद्यातल्या चुकीनं.

म्हणून नव्यानं घर घेणाऱ्यांना सांगतो. सौदा पक्का करण्याआधी बाथरूमच्या न्हाणी ट्रॅपमध्ये फडकं घट्ट कोंबा, दोनेक इंच पाणी तुंबवा, भिंतीवर पाण्याच्या रेषेला पेन्सिलनं खूण करा आणि 24 तास कुणाला हात लावू देऊ नका. दुसऱ्या दिवशी आधी खूण बघा, मग खालच्या घरी जाऊन छत बघा. सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरवर दहा मिनिटं नजर ठेवा. काटा सरकला तर कुठंतरी गळतंय. फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश ओढू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीतलं पाणी रात्रंदिवस झिरपतंय. ताज्या रंगाचा वास आला तर भिंतीच्या तळाला तळहात लावून बघा. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत. मालक ‘पाणी तुंबवू देणार नाही’ म्हणाला तर तेही उत्तरच समजा.

भाडेकरूंबद्दल आता. ते भामटे असतात असं सगळे मालक एकमेकांना सांगतात. माझ्या अनुभवात त्रास जास्त मालकांचाच होतो, आणि त्यात मीही आलो. पहिल्या भाडेकरूचा रात्री नऊला फोन आला, स्वयंपाकघरातला नळ टपकतोय. मी जेवत होतो, खेकसलो. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, ‘‘गिऱ्हाईकाशी असं बोलता का कधी? मग हे कोण आहेत?’’ तिचं बरोबर होतं. टपकणारा नळ पहिल्याच दिवशी कळवणारा भाडेकरू म्हणजे फुकटचा राखणदार. वायसर बदलायला दहा मिनिटं लागतात. जो घाबरून काही सांगत नाही त्याच्या घरात सहा महिन्यांनी ओट्याखालची फळी फुगलेली सापडते. तेव्हापासून मी घराच्या किल्लीबरोबर एक वाक्य देतो : गळालं तर त्याच दिवशी फोन करा, रागावणार नाही.

भाडं वाढवण्याचंही गणित करून बघा. चांगला भाडेकरू आहे, 5 टक्के वाढ मागितली, तो गेला आणि घर एकच महिना रिकामं राहिलं. ते एका महिन्याचं भाडं त्या 5 टक्क्यांतून भरून निघायला 20 महिने लागतात. मी वाढ मागतो, पण कराराच्या वेळीच ठरवून टाकतो, म्हणजे मधे तोंड वाईट करावं लागत नाही.

भाडेकरू ठेवताना त्याच्या मिळकतीचा कागद बघा आणि त्याच्या आधीच्या मालकाशी बोला. आत्ताच्या मालकाशी नव्हे, त्याच्याही आधीच्या. आत्ताच्या मालकाला तो नकोसा झाला असेल तर तो तोंडभरून स्तुती करील. करार तुमच्याकडच्या कायद्याप्रमाणं नोंदवून घ्या, बल्ब कुणी बदलायचा आणि पाईप कुणी, हे त्यात लिहा. किल्ली देताना प्रत्येक खोलीचे फोटो आणि मीटरचं वाचन दोघांकडंही राहू द्या. अनामत रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा, ती तुमची नाही. मी पहिल्या वर्षी ती वापरली होती आणि भाडेकरू अचानक निघाले तेव्हा मेहुण्याकडून उसने घेऊन परत केली. ते अजून घरात निघतं.

आणि सहा महिन्यांचे हप्ते भरता येतील एवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय दुसऱ्याच्या राहण्याची जबाबदारी अंगावर घेऊ नका. माझ्याकडं तेव्हा दोन महिन्यांचीच होती. उरलेल्या महिन्यांसाठी मी रविवारीही कामं घेतली.

‘निवांत उत्पन्न’ हा शब्द तुमच्या लेखात पाचदा आला, मी मोजला. माझ्या दोन घरांतून आज चार पैसे सुटतात, दुसरं घर पहिल्यापेक्षा कितीतरी विचार करून घेतलं होतं, आणि मला घर घेतल्याचा पश्चात्ताप नाही. पण ते उत्पन्न माझ्या प्लंबिंगच्या कामाइतकंच निवांत आहे. पुढच्या वेळी चौकट छापाल तेव्हा कृपया तीन ओळी वाढवा : रिकामे महिने, दुरुस्ती आणि कर. जागा कमी पडली तर सोफ्यावर बसून हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र थोडं लहान करा.

भाचा येत्या रविवारी एक घर बघायला जाणार आहे आणि मलाही बोलावलंय. मी त्याला सांगितलंय, मालकाला आधी कळव, आम्ही शनिवारी सकाळी येऊन बाथरूममध्ये पाणी तुंबवणार आणि रविवारी खालच्या घरी जाऊन छत बघणार. निरोप परवा गेला. मालकाचा अजून फोन नाही.

आपला,
एक प्लंबर वाचक
(कृपया नाव-पत्ता छापू नये)