मॅडमना फोन केलास का?

सातारा,
मंगळवार रात्र

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी जे बोलले ते बोलायला नको होतं. तू म्हणालीस, कंपनीतल्या सॉफ्टवेअर आर्किटेक्टच्या वरच्या जागेसाठी मी नाव देणार नाही, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बरं झालं, आता जरा घराकडे बघ." तू "ठेवते" म्हणालीस आणि फोन ठेवलास. तेव्हापासून ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. बाबा म्हणाले, मेसेज कर. पण हे मेसेजमध्ये मावायचं नाही, म्हणून वही काढून बसले आहे.

एक गोष्ट विचारायची नाही असं ठरवलंय. तुला कामात हाताशी धरून शिकवणाऱ्या तुझ्या मॅडमना फोन केलास का, ते. तर ते राहू दे.

ते वाक्य माझ्या तोंडात कुठून आलं, ते सांगते. तुला जबलपूरचं मी कधी नीट सांगितलेलं नाही.

१९८४ साली मी इथल्या टेलिफोन एक्स्चेंजला ऑपरेटर म्हणून लागले. परगावचे कॉल जोडायच्या ट्रंक बोर्डासमोर आम्ही ओळीनं बसायचो, कानाला हेडसेट, पुढ्यात दोऱ्यांच्या जोड्या. दिवा लागला की एक दोर खाली लावायची, नंबर विचारायचा, तिकिटावर लिहायचा, दुसरी दोर पुढच्या गावाच्या लाइनला. कॉल तीन तऱ्हेचे, ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग. लाइटनिंगला ऑर्डिनरीच्या आठपट पैसे पडायचे. तो कॉल कोणी हौसेनं लावत नसे, बहुतेक वेळा कोणीतरी गेलेलं असायचं. पहिल्या महिन्यात असा एक कॉल मी मध्येच तोडला. पलीकडे माणूस रडत होता आणि माझ्या हातून दोर निघाली.

आमच्या सुपरवायझर बाई मागेच उभ्या होत्या. चारचौघांत एक शब्द बोलल्या नाहीत. लाइन पुन्हा लावून दिली आणि ड्युटी संपल्यावर मला थांबवून घेतलं. दोर कशी धरायची, ऐकायची किल्ली कधी सोडायची, सगळं रिकाम्या बोर्डावर तासभर दाखवलं. "आपला आवाज खाली ठेव, समोरच्याचा आपोआप खाली येतो," म्हणाल्या. घरात भांडण झालं की मी हळू बोलते असं तू म्हणतेस ना, ते त्यांचं.

खात्यातल्या वरच्या परीक्षेचा फॉर्मही त्यांनीच आणून माझ्यापुढे ठेवला. बी.एस्सी. होऊन दोरच धरणार का, म्हणाल्या. १९८९ ला मी पास झाले. ट्रेनिंग जबलपूरला, खात्याच्या सेंटरमध्ये, कित्येक महिन्यांचं. दादा दोन वर्षांचा होता. मी गेले नाही.

मला कोणी अडवलं नव्हतं, मनू. आजवर तुम्हा दोघांना वाटत आलं की नानांनी नको म्हटलं, आणि मीही ते तसंच राहू दिलं. नानांना मी विचारलंच नाही. आजींना नाही, बाबांनाही नाही. सगळे नको म्हणतील असं धरून मीच पत्र लिहून टाकलं. पुढे कितीतरी वर्षांनी, आजी अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा विषय निघाला, तर म्हणाल्या, "अगं, मी सांभाळला असता की त्याला." मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

आणि त्याहून वाईट ते पुढचं. बाईंना तोंड कसं दाखवायचं म्हणून मी शिफ्ट बदलून घेतली. त्या जिन्यात दिसल्या की मी परत वर जायची. त्या रिटायर झाल्या त्या दिवशी मी रजा टाकली. त्यांनी मला कधीच बोल लावला नसता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

पुढे एसटीडी आलं, लोक परगावचा नंबर स्वतःच फिरवू लागले, बोर्ड बंद झाला, मला बिलाच्या काउंटरला बसवलं. ३१ जानेवारी २०२० ला बीएसएनएलचे देशभरातले अठ्ठ्याहत्तर हजारांवर लोक एकाच दिवशी व्हीआरएस घेऊन बाहेर पडलो. हार घातले, फोटो निघाले. त्या गर्दीत मी बाईंना शोधत होते. त्या जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

म्हणून विचारते. मॅडमना फोन केलास का?

बघ, विचारलंच. पण तू का करत नाहीस ते मला कळतं. ज्या सकाळी कंपनीनं त्यांना कामावरून काढून त्यांचा लॅपटॉप बंद केला, त्या सकाळी तुझा चालू राहिला. आणि आता जागा निघाली ती त्यांच्यासारखीच. तुला वाटतं, कोणत्या तोंडानं विचारू. अगं, पण तुझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी तुझ्या कोडवर एक्केचाळीस शेरे मारून परत पाठवलं होतं, आठवतं? तू हॉस्टेलच्या गच्चीवरून मला फोन करून रडलीस, मला हे जमणार नाही म्हणालीस. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः तुझ्या जागेवर आल्या आणि एकेक शेरा समजावून सांगितला. आणि त्या मोठ्या मीटिंगमध्ये, "हे काम हिनं केलंय, हीच सांगेल," म्हणून तुला उभी केली. शिकवणारे खूप भेटतात. आपण खोलीत नसताना आपलं नाव घेणारं माणूस कितीजणींना मिळतं? एवढं करणारी बाई तुझा फोन आला तर कपाळाला आठ्या घालेल?

तू म्हणशील, आता सुधा मूर्तींचं पोस्टकार्ड येणार. येणारच. १९७४ साली टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, जाहिरातीत मुलींनी अर्ज करू नये असं छापलं होतं, आणि तिनं थेट जेआरडी टाटांना कार्ड टाकलं. टेल्कोचे प्रमुख तेव्हा सुमंत मुळगावकर होते, हेही तिला माहीत नव्हतं. चुकीच्या माणसाला विचारलं तरी तिला पुण्याला बोलावणं आलं. लहानपणी मी तुला तिचं धाडस सांगायची. आता मला त्यात वेगळंच दिसतं. तिनं विचारलं.

तू जन्मलीस त्याच वर्षी, १९९१ ला, कर्वेनगरला मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं. पुढे तू तिथेच जाशील हे कोणाला माहीत होतं! तू तिसऱ्या वर्षाला असताना अग्नी-४ क्षेपणास्त्र उडालं, त्या प्रकल्पाच्या प्रमुख टेसी थॉमस. त्या शिकल्या आपल्या पुण्यातच, गिरीनगरच्या शस्त्रास्त्र तंत्रज्ञानाच्या संस्थेत. ते कात्रण मी तुला पोस्टानं पाठवलं होतं आणि मागे लिहिलं होतं, "खडकवासल्याच्या बसनं जाऊन ती जागा बघून ये." तू गेलीसही. गेटवरूनच परत आलीस, पण गेलीस. मी एक्स्चेंजमध्ये सगळ्यांना सांगितलं होतं.

मुलाबाळांचं मी विचारत नाही. एवढंच सांगते की तुझ्या वेळी मला ९० दिवसांची रजा होती. आता कायद्यानं २६ आठवडे आहे, आणि ५० किंवा जास्त माणसांच्या ऑफिसला पाळणाघर द्यावं लागतं. ते मागून घे, त्यात लाजायचं काही नाही. आणि जागा हवी असेल तर नाव दे, "मला अजून येत नाही" हे कारण लिहू नकोस, कोणालाच सगळं येत नसतं, आणि मॅनेजर स्वतः म्हणतोय तर…

झालं, परत शिकवायला लागले. तुला तुझ्या कामातलं जे कळतं त्यातलं मला अक्षर कळत नाही. रात्री तीनला सिस्टिम बंद पडली की तू उठून बसतेस हे ऐकलं की माझा जीव खालीवर होतो, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंना तेच मी अभिमानानं सांगते. नाव नाहीच द्यायचं असं विचार करून ठरवलं असशील तर मी पुन्हा एक शब्द काढणार नाही. फक्त कोणाला न विचारता ठरवू नकोस. रविवारचं माझं वाक्य पुसून टाक.

नानांच्या खोलीत पुन्हा गळायला लागलंय, बाबा पत्रे बदलायचं म्हणतात. त्यांचं गुडघ्याचं बरं आहे.

गुरुवारी दादा कामासाठी बंगळूरला येतोय. त्याच्याबरोबर कंदी पेढ्यांचे दोन डबे देते आहे. लाल झाकणाचा तुमचा. निळ्या झाकणाचा मल्लेश्वरमला मॅडमकडे द्यायचा, त्यावर मी त्यांचं नाव लिहिलंय. दादाला त्यांचं घर माहीत नाही, आणि पेढे फार दिवस टिकत नाहीत.

तुझी,
आई