खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र : वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सविनय नमस्कार.

मी मुंबईत काम करणारी भूलतज्ज्ञ आहे. खांद्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला पहिल्या रात्री जी वेदना सोसावी लागते, तिची नोंद माझ्या पाहण्यात क्वचितच होते. आणि नोंदच नसल्यामुळे ती कोणाला होण्याची शक्यता अधिक आहे, याचा अंदाज आपल्याकडच्या रुग्णांच्या माहितीवरून बांधता येत नाही. या एकाच गोष्टीकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मोडलेले हाड प्लेट लावून जोडायचे असो किंवा दुर्बिणीतून खांद्याचा फाटलेला स्नायुबंध शिवायचा असो, आम्ही मानेच्या बाजूला, सोनोग्राफीच्या पडद्यावर नसा पाहत, ब्युपिव्हॅकेन किंवा रोपिव्हॅकेन हे बधिर करणारे औषध सोडतो. या ‘नर्व्ह ब्लॉक’मुळे पूर्ण भुलीची औषधे कमी लागतात, मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामके कमी लागतात आणि रुग्ण शुद्धीवर येतो तो वेदनेशिवाय. ही पद्धत सोडून द्यावी असे मला मुळीच सुचवायचे नाही. मात्र तिचा परिणाम औषध आणि मात्रेनुसार साधारण ८ ते २४ तासच टिकतो, आणि तोवर जखमेतली सूज काही थांबलेली नसते. वेदनेचा मेंदूकडे जाणारा संदेश अडवलेला असतो, एवढेच. सकाळी अकरा वाजता दिलेला ब्लॉक संध्याकाळच्या राउंडला पूर्ण जोरात असतो, त्यामुळे केसपेपरवर ‘वेदना शून्य’ असे लिहिले जाते आणि ते खरेही असते. पुढे मध्यरात्री किंवा पहाटे बोटांना मुंग्या येऊ लागतात, मनगट हलू लागते आणि पाहता पाहता खांद्यात अशी कळ उठते की रुग्णाला आडवे पडवत नाही. वॉर्डात असेल तर नातेवाईक सिस्टरांना शोधत जातो, आणि त्या रात्रपाळीला अख्खा वॉर्ड सांभाळत असतात. त्याच दिवशी घरी सोडलेला रुग्ण नालासोपाऱ्याला किंवा बदलापूरला पोहोचलेला असेल, तर त्याच्या हाताशी फक्त गोळ्यांचे एक पाकीट असते आणि त्यावर पेनाने लिहिलेले असते, ‘दुखल्यास एक’. दुखू लागल्यावर घेतलेली गोळी लागू पडायला बराच वेळ जातो. ती ब्लॉक उतरण्याच्या आधी, हात अजून बधिर असतानाच घ्यायला हवी होती, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

या उलटून येणाऱ्या वेदनेला वैद्यकात ‘रिबाउंड पेन’ म्हणतात. कॅनडातील भूलतज्ज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ब्लॉक देऊन त्याच दिवशी घरी सोडलेल्या ९७२ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना २४ तासांच्या आत ही तीव्र वेदना झाल्याचे आढळले. कमी वय, स्त्री असणे, हाडाची शस्त्रक्रिया आणि शिरेतून डेक्सामेथासोन (सूज कमी करणारे स्टेरॉइड) दिलेले नसणे, या चार गोष्टींशी तिचा संबंध दिसला. त्याच अभ्यासातली आणखी एक बाब मला फार महत्त्वाची वाटते : इतके सोसूनही बहुसंख्य रुग्ण उपचारांविषयी समाधानी होते. म्हणजे आपल्या खात्याकडे याविषयी तक्रारी येत नसतील, तर त्यावरून त्रास नाही असा निष्कर्ष काढता येणार नाही. आपला रुग्ण तर डॉक्टरांना उगाच कशाला त्रास, म्हणून गप्प राहणाराच.

परदेशातले निकष आपल्याकडे जसेच्या तसे लावणेही धोक्याचे आहे. डेक्सामेथासोनने ब्लॉकचा परिणाम जास्त वेळ टिकतो, पण रक्तातली साखरही वाढते, आणि आमच्या टेबलावर येणाऱ्या रुग्णांत मधुमेही अनेक असतात. नसेजवळ बारीक नळी ठेवून औषध चालू ठेवता येते, पण ते खर्चिक आहे, शिवाय त्यावर लक्ष ठेवणारे माणूस लागते. ही सोय सर्वांना देता येणार नाही हे मान्य केले, की ती कोणाला द्यायची, कोणाला एक रात्र ठेवून घ्यायचे आणि कोणाला निर्धास्तपणे घरी सोडायचे, हे आधी ओळखणे भाग पडते. अंदाजाची गरज आहे ती इथे. त्याचा उपयोग ब्लॉक नाकारण्यासाठी कधीही होऊ नये, हेही मी आग्रहाने नमूद करते.

यासाठी नवे यंत्र किंवा नवी इमारत लागणार नाही. जे. जे. समूहाची रुग्णालये आपल्या खात्याकडे आहेत. केईएम, सायन, नायर आणि कूपर महानगरपालिकेकडे आहेत. परंतु तेथील वैद्यकीय महाविद्यालये नाशिकच्या एकाच आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि भूलशास्त्रात एम. डी. करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. एकेका महाविद्यालयात थोड्याथोड्या रुग्णांवर सुटे प्रबंध होण्याऐवजी, सर्वांनी एकाच नमुन्यात वय, शस्त्रक्रियेपूर्वीची वेदना, मधुमेह, शस्त्रक्रियेचा प्रकार, दिलेली औषधे, ब्लॉक उतरल्याची वेळ आणि त्या वेळची वेदना नोंदवली, तर मुंबईच्या रुग्णांसाठी अंदाजाचे साधन तयार होऊ शकेल. घरी गेलेल्या रुग्णाची ही माहिती दुसऱ्या दिवशी सकाळी एका फोनवर मिळते.

हे काम पूर्ण व्हायला काही वर्षे लागतील. गोळ्यांचे मात्र आजच करता येईल. ब्लॉक दिलेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर, ब्लॉक अंदाजे किती वाजता उतरेल, पहिली गोळी त्याआधी किती वाजता घ्यायची आणि रात्री कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, हे मराठीत आणि रुग्णाला वाचता येईल त्या भाषेत लिहिणे बंधनकारक करणारे परिपत्रक आपण काढावे, आणि तसेच ते पालिकेच्या रुग्णालयांतही लागू व्हावे यासाठी आयुक्तांशी बोलावे, अशी माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
मुंबईतील एक भूलतज्ज्ञ