काखेत धरलेला दहाणा

चाचा,

सलाम. मराठीत लिहितेय म्हणून रागावू नका. तुमच्याशी सगळं बोलणं हिंदीत झालं, पण मनातलं लिहायला बसले की माझा हात मराठीतच चालतो. अक्षरं तर तीच आहेत. अडेल तिथे तबेल्यावर या, वाचून दाखवीन. आणि हे चारचौघांत लिहितेय, कारण माझ्या घोड्या शिकवायला तुमच्या आधी जे आले त्यांच्याबद्दल मी चारचौघांत पुष्कळ बोलले आहे. मग तुमच्याबद्दल घरात बसून काय बोलायचं?

आधी त्यांचं उरकते. कार्तिकात आग्र्याजवळच्या बटेश्वरच्या बाजारातून या दोन घोड्या आणल्या. 63 इंची, रुंद छातीच्या, सख्ख्या बहिणी शोभतील अशा. दुकान बंद झाल्यावर आमच्याकडे उरलं होतं काय, तर आजेसासऱ्यांची चारचाकी बग्गी आणि माझ्या बांगड्या. बांगड्यांच्या घोड्या झाल्या. एकीचं नाव गोदा ठेवलं. दुसरीने आल्या आल्या मुलाच्या दंडाला चावा घेतला, तिचं चंबळ आपोआप पडलं.

पहिले उस्ताद आले ते आगाऊ पैसे घेऊनच. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोघींना सरळ बग्गीला जुंपलं, तेही आमच्या अरुंद गल्लीत. अडल्या म्हणून चाबूक. चाबकाने हलल्या, तर मागे चाकांचा खडखडाट ऐकून चंबळ उधळली. बग्गीचा दांडा मोडला, शेजाऱ्यांचं तुळशीवृंदावन गेलं, गोदाचा खांदा पट्ट्याने सोलला. उस्ताद म्हणाले, "ये तो बरात में नाचने लायक हैं, बस." मग माझ्याकडे न बघता माझ्या मुलाला म्हणाले, आईला समजाव, हे बायकांचं काम नाही. घोड्यांचा खर्च देत होते मी, शेण काढत होते मी, आणि समजवायचं मलाच! दुसरे एक जाणकार फोनवरच भेटले. "व्हिडिओ पाठवा, बघतो," म्हणाले. अजून बघतायत. नातेवाइकांचा सल्ला एकच: विका आणि ई-रिक्षा घ्या.

तुम्ही भेटलात आमच्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात. 1905 साली माधवराव शिंदे महाराजांनी जनावरांचा म्हणून सुरू केलेला मेळा तो, आता तिथे सगळी झुंबड मोटारींवरच्या रोड टॅक्सच्या सवलतीसाठी. त्या गर्दीत घोड्यांबद्दल विचारत फिरणारी मी एकटीच असेन. चहावाल्याने तुमच्याकडे बोट दाखवलं: स्टेशन ते बाड्याचा चौक टांगा हाकण्यात जन्म गेलाय यांचा.

पहिल्या दिवशी तुम्ही घोड्यांना हातसुद्धा लावला नाहीत. तबेल्याच्या दाराशी खोकलात, जणू आत कोणी बाईमाणूस असावं, आणि मग खाटेवर बसून अर्धा तास नुसतं त्यांचं चघळणं बघत राहिलात. मला वाटलं, हेही पैसे गेले.

दुसरा दिवस मात्र मी विसरणार नाही. जानेवारीतलं धुकं असं की वाड्याच्या दारातून समोरचं पिंपळाचं झाड दिसत नव्हतं. तुम्ही खुंटीवरचा लगाम काढलात. रात्रभर बाहेर राहिलेलं लोखंड ते, हाताला चटका बसावा इतकं गार. मला वाटलं, आता हे चंबळच्या तोंडात कोंबणार, ती मान वर फेकणार आणि पुन्हा तेच. तुम्ही दहाणा, लगामाचा तोंडात जाणारा तो लोखंडी दांडा, कांबळ्याच्या आत घेतलात, काखेत दाबून धरलात आणि गप्प उभे राहिलात. मी विचारलं, "चाचा, दुखतंय का काही?" तुम्ही म्हणालात, "आप सवेरे-सवेरे बर्फ का चम्मच मुँह में रखेंगी?" मग दुसरा लगाम माझ्यापुढे केलात. "ये गोदा का. इसे आप गरम कीजिए."

तशी आपण दोघं धुक्यात उभी होतो, काखेत लोखंड धरून, दोन खुळ्यांसारखी. आधी मला हसू आलं. नंतर जे आलं ते तुम्ही पाहिलंत, आणि न पाहिल्यासारखं करून चंबळच्या मानेवरचे केस विंचरू लागलात. खरं सांगू? दुकान गेल्यापासून आमच्या घरात कोणी कोणासाठी दहा मिनिटं थांबलं नव्हतं. सगळे घाईत, सगळे चिडलेले, मीही.

मग तुम्ही चंबळच्या ओठाच्या कोपऱ्यातून, जिथे दात नसतात त्या फटीत, अंगठा घातलात. तिने तोंड उघडलं, दहाणा जिभेवर घेतला, चघळला आणि चक्क मान खाली केली. हीच ती चावरी चंबळ!

पुढच्या आठवड्यांचं सगळं लिहीत नाही. लांब रासा, म्हणजे लगामाचे दोर, धरून तुम्ही दोघींच्या मागे पायी चाललात, आधी एकीच्या, मग दुसरीच्या, बग्गीचं नावही न काढता. मग जुना टायर ओढायला लावलात, टायर अंगवळणी पडल्यावर लाकडाचा ओंडका. ढापणं बांधताना मला समजावलंत की घोड्याला जवळजवळ पाठीमागचंही दिसतं, चाक अंगावर येतंय असं वाटून तो पळतो. जोडीने चालू लागल्या तेव्हा दुसरंच दुखणं निघालं: चंबळ सगळं ओझं एकटी ओढायची आणि गोदा पट्टे ढिले ठेवून नुसती शोभेला चालायची. मी इतके दिवस गोदाला गुणाची म्हणत होते. तुम्ही तिचे लोंबणारे पट्टे दाखवलेत. "ये शरीफ नहीं, चालाक है." तिच्या पाठीवर माशी बसावी तसा एकदा चाबूक टेकवलात, नाव घेतलंत, पट्टे ताणले गेले. तीन महिन्यांत चाबकाचा उपयोग एवढाच.

मुलाने मोबाइलवर परदेशातले शायर आणि पर्शेरॉन जातींचे ओझ्याचे घोडे दाखवले, आठ-नऊशे किलोंची धुडं, शायरच्या पायांवर तर केसांच्या झालरी. तिकडेही शिकाऊ जोडीला टायर आणि ओंडकेच ओढायला लावतात हे बघून त्याचे डोळे मोठे झाले. तुम्हाला त्याचं काही नवल नाही. तुम्ही एवढंच विचारलंत, "इसका दाना कौन भरता होगा?"

आणि तो नाला. चंबळ पाणी बघून अडली, तेव्हा माझ्या तोंडून गेलं, झालं, घात झाला. आम्ही मराठी माणसं फुलबागेत समाधीपाशी उभं राहून लहानपणापासून ऐकतो की 1858 मध्ये झाशीच्या राणीचा घोडा नवा होता, ओढ्यावर अडला. सांगणारे घोड्यालाच बोल लावतात. तुम्ही ते ऐकून बराच वेळ बोलला नाहीत. मग म्हणालात की नव्या घोड्याला पाणी किती खोल ते कसं कळावं, त्याला कोणी दाखवलं होतं का? चपला काढून तुम्ही स्वतः नाल्यात उतरलात, घोट्याएवढ्या पाण्यात, आणि तिथेच उभे राहिलात. तीही उतरली. त्या दिवसापासून ती गोष्ट मला पूर्वीसारखी सांगता येत नाही.

लोक म्हणतील तुम्ही देवमाणूस, पैसे घेतले नसतील. घेतलेत, ठरलेले, मोजून, आणि एक दिवस उशिरा आलात त्याचे पन्नास परत केलेत. मला हे देवपणापेक्षा आवडलं. भल्या माणसांची एवढीच ओळख मला पटते: कामाचे पैसे घेतात, उपकाराचा भाव आणत नाहीत आणि आत येण्याआधी खोकतात. आमच्या रेशनवाल्या काकू तशाच आहेत. सासूबाईंच्या आजारपणात रात्रपाळीला असलेली ती केरळी नर्सही तशीच होती, सुई टोचण्याआधी तळहात एकमेकांवर घासायची.

फाल्गुनात पहिली वरात झाली. बँड, ताशे, फटाके, आणि रासा माझ्या हातात. तुम्ही मागे, पाहुण्यांच्या जागेवर, हात मांडीखाली दाबून बसला होतात. मी विचारलं तर म्हणालात, हात आपोआप रासांकडे जातात म्हणून. बाड्याच्या वळणावर बँडवाल्याचा ढोल अगदी गोदाच्या कानाशी वाजला. तिने कान मागे केले, चंबळने मान तिच्याकडे टेकवली, आणि दोघी चालत राहिल्या. उतरताना तुम्ही फक्त "अच्छा, बाईसाब" म्हणालात आणि ई-रिक्षा पकडून निघून गेलात.

आता चैत्र लागलाय, लोखंड सकाळीसुद्धा कोमटच असतं. तरी लगाम घालण्याआधी मी तो काखेत धरते. मुलगा हसतो. परवा तोही धरून उभा होता, मला बघून घाईने खाली घेतला.

गोदाचे मागचे नाल झिजलेत. तुमच्या ओळखीचा तो नालबंद कुठे बसतो, तेवढं कळवा.

तुमची,
ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली बाईसाब